हापसा उपसताना

दांडा हलका लागला तर आत रॉड सुटलाय. वीस-पंचवीसदा हापसल्यावर पाणी येत असेल तर तळाची झडप गळतेय, नाहीतर पाइपला कुठेतरी भोक पडलंय. पाणी लगेच येतं पण धार बारीक, तर वायसर झिजलं. एवढं निदान मेकॅनिक उभ्याउभ्या करतो, दोन-चारदा दांडा मारून. उरलेलं काम जमिनीखाली तीस मीटरवर असतं.

हापसा दुरुस्त होताना मी पाहिला ते गाव गरियाबंद जिल्ह्यातलं, मैनपूरच्याही पुढचं. रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यातून निघालं की अभनपूर, राजिम, गरियाबंद आणि मग साल-सागवानाचं रान. तात्यापाऱ्यात नळ आला नाही तर आम्ही झोन ऑफिसात फोन करतो आणि तासाभराने चिडतो. रायपूरला नळ आला १८९२ साली, राजनांदगावचे राजे बलरामदास यांनी पैसा दिला म्हणून; पाणी तेव्हाही खारून नदीचं आणि आजही मुख्यतः तिचंच. सव्वाशेहून जास्त वर्षं शहराच्या नळामागे कोणी ना कोणी पगारी माणूस उभा आहे. या गावच्या हापशामागे उभा आहे तो पिकअप गाडीतून आलेला मेकॅनिक, त्याचे तीन हेल्पर आणि एक लोखंडी तिपाई. गाडीत मला जागा मिळाली ती पाइपांच्या शेजारी.

हापसा इंडिया मार्क टू. तिपाई उभी राहिली, वरचं झाकण उघडलं. आत मोटरसायकलच्या चेनसारखी चेन दांड्याच्या कमानीवरून खाली रॉडला जोडलेली. ती कोरडी ठणठणीत होती. मेकॅनिकने बोट फिरवून हेल्परला दाखवलं, बोलला काहीच नाही. ग्रीस लावणं हे काही तंत्रज्ञान नव्हे, पण ते कुणाचं काम, हे गावात ठरलेलं नव्हतं.

चेन सोडली, डोकं उतरवलं, पाण्याची टाकी काढली. मग पाइपला क्लॅम्प. इथे सगळ्यांचे आवाज बदलले. सव्वा इंची जीआय पाइप तीन-तीन मीटरचे, असे दहा. आत रॉड आणि पाणी धरलं तर लोंबतं वजन दीडेकशे किलो. क्लॅम्प निसटला तर सगळा सरंजाम बोरच्या तळाशी जातो आणि बोर कायमचा मेला म्हणून समजायचं. एक पाइप वर ओढायचा, क्लॅम्प आवळायचा, पान्ह्याने सांधा सोडायचा, रॉड सोडायचा, पाइप बाजूला ठेवायचा, पुन्हा ओढायचं. पाचव्या पाइपनंतर गावातले दोघे स्वतःहून पुढे आले. बायका हंडे घेऊन आल्या होत्या, पण लगेच मिळणार नाही हे कळल्यावर त्यातली एक म्हणाली, "भैया, गेल्या वेळी पण हेच सांगितलं होतं, पाच मिनिटं."

"दाई, मागच्या वेळी मी नव्हतो," मेकॅनिक म्हणाला.

सिलिंडर वर आला. पितळी अस्तराचा हातभर नळा, आत दट्ट्या आणि दट्ट्यावर रबरी वाटीच्या आकाराचं वायसर. त्याची कड इतकी झिजली होती की नखाने सोलून निघाली. बायकांना नाल्यापर्यंत चालायला लावलं होतं ते या तळहाताएवढ्या रबराने.

हा हापसा मराठी मुलखाला परका नाही. पूर्वीचे हापसे ओतीव लोखंडाचे, एका घराच्या विहिरीसाठी घडवलेले. गावभर हात लागले की मोडायचे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर केलेल्या पाहणीत चारपैकी तीन बंद आढळले. तोवर बोर मारायच्या मशिनी आल्या होत्या, भोकं पडत होती, पाणी लागत होतं आणि वरचा हापसा दम तोडत होता. त्याच काळात जालना आणि सोलापूरकडे ख्रिस्ती मिशनच्या लोकांबरोबर काम करणाऱ्या मंडळींनी पोलादी, चेनवाला हापसा घडवला. सोलापूर पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला. कोइमतूरजवळ त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७७-७८च्या सुमारास तो मोठ्या संख्येने बनू लागला. त्याचं पेटंट कुणी धरून ठेवलं नाही, म्हणून तो आफ्रिकेतही पोचला.

त्याच्या मजबुतीचं सगळे कौतुक करतात. मला मात्र त्याची अडचणही तितकीच महत्त्वाची वाटते. वायसर बदलायला सगळे पाइप उपसावे लागतात, म्हणजे तिपाई, गाडी आणि चार माणसं बाहेरून यायला हवीत. पुढे मार्क थ्री आला: पाइप जाड आणि सिलिंडर वरून मोकळा, म्हणजे पाइप न काढता दट्ट्याच वर खेचायचा, गावातल्या गावात. पण जाड पाइप महाग आणि जड. देशभर मार्क टूच रुजलेला होता आणि सुटे भागही त्याचेच मिळायचे. गावाने स्वतः करावं ही कल्पना चांगली. वायसर मात्र तरीही गावात बनत नाही.

या गावातल्या हापशाशेजारी आता उंच लोखंडी मांडणीवर काळी टाकी आहे आणि वर सौर पाट्या. छत्तीसगढात असे हजारो सौर पंप दुर्गम वस्त्यांना बसवलेत. त्यातले बरेचसे जोडपंप: एकाच बोरमध्ये मोटरही आणि हापसाही. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिने आपल्या बिघाडाची सोय आधीच करून ठेवली आहे. कंट्रोलर जळला किंवा उंदराने केबल कुरतडली तरी दांडा शिल्लक राहतो. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने घरात द्यायचं ठरवलं, आणि त्याची मुदत नंतर २०२८पर्यंत वाढवली. घरात नळ हवाच. हंडा वाहणाऱ्या बाईला हापशाचं कौतुक सांगायला मी काही इथे आलो नव्हतो. पण टाकी, मोटर, वीज आणि गावभर पाइप म्हणजे बिघडायच्या जागाही तितक्याच वाढल्या. त्यासाठी गावात रोजचा ऑपरेटर लागतो, त्याला पगार लागतो, पगाराला पाणीपट्टी. बांधकामाला एकदा निधी येतो. चेनला ग्रीस लावायला दर महिन्याला कोण येणार, हे त्यात नसतं.

सांडपाण्याचं तर आणखीच. हापशाच्या ओट्याला तडा गेला होता. पाणी तिथून मुरत होतं, बोरच्या अगदी पायथ्याशी, आणि बाजूच्या चिखलात दोन म्हशी बसलेल्या. नांदेडकडच्या गावांनी भोकं पाडलेल्या सिमेंटच्या टाक्या खड्ड्यात बसवून गटारंच नको केली, तो नांदेड पॅटर्न इथे कुणी ऐकलेला नव्हता. खड्डा, दगड आणि एक टाकी, एवढ्याच सामानाचं काम. हे काम करणं कुणाचं, ते मी विचारलं. मेकॅनिक म्हणाला पंचायतीचं, पंचायतीतला म्हणाला पुढच्या योजनेत धरलंय.

नवं वायसर बसलं आणि पाइप पुन्हा उतरू लागले. सातव्या पाइपची आटी गंजून कुरतडलेली निघाली, आठव्याचीही. पाण्यात लोह आणि आंबटपणा असला की जीआय असा झडतो, आणि मग आधी लाल पाणी येतं. बदलायला पाइप गाडीत नव्हते. बरोबर आणलेले आदल्या गावात लागले होते. मेकॅनिकने आट्यांवर सफेदा फासला, सुतळी गुंडाळली आणि पान्ह्याला दोन माणसं लटकवली.

पाणी आलं. सुरुवातीचं तांबूस हंडाभर ओतून दिलं. मग रजिस्टर निघालं. सचिवाची सही झाली आणि शेऱ्यात मेकॅनिकने लिहिलं: दोन पाइप बदलणे आवश्यक, साठा नाही. मघाची ती बाई टाकीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती पण बघून जा ना." त्याने मान वर करून पाट्यांकडे पाहिलं. सौरवाले वेगळे, ते वेगळ्या नंबरवर. नंबर टाकीवर रंगवलेला होता, शेवटचे दोन आकडे उन्हात उडाले होते. पंचायतीतल्या माणसाने फोन काढून त्याचा फोटो घेतला.