तिथी पाळणारे पाहुणे

फ्लेमिंगो बघायचेत ना? मग दुर्बीण राहू दे, आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढ. आज तिथी कोणती? चतुर्थी. चाराची पाऊणपट किती? तीन. म्हणजे आज दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं, झालं! कोकणातले दर्यावर्दी हे गणित बोटांवर करत आलेत. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि त्याच्यामागे भरतीही तेवढीच मागे सरकते. पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. पाच मिनिटांचा फरक समुद्र माफ करतो.

आता यात फ्लेमिंगो कुठे आले? ठाण्याच्या खाडीत ओहोटी लागली की ऐरोलीपासून वाशीपर्यंत चिखल उघडा पडतो. ते त्यांचं ताट. मान खाली घालून, चोच चक्क उलटी धरून ते जिभेनं पाणी आत ओढतात आणि चोचीच्या कडांच्या बारीक जाळीतून बाहेर ढकलतात. लहान फ्लेमिंगोला नील-हरित शेवाळ मिळतं, मोठ्याला बारके झिंगे-किडे. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. मग भरती चढते, ताट पाण्याखाली जातं आणि थवेच्या थवे उठून नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर विसाव्याला येतात. ओहोटी लागली की परत खाडीत. रात्रीची ओहोटी असेल तर रात्रीही चरतात.

म्हणून घड्याळ बघून, म्हणजे रविवारी सकाळी आठलाच, तळ्यावर जाणारी माणसं कधी खूश होऊन येतात, कधी नुसतं पाणी बघून. अष्टमीच्या आसपास तर भांगाची भरती. पाणी फारसं चढत नाही, चिखल पुरता बुडत नाही, मग पक्ष्यांना उठायची गरजच काय? माझी पसंती चतुर्थी-पंचमीला. त्यातून संकष्टी असली तर तुझ्या आजीचाही चंद्रोदयापर्यंतचा वेळ तळ्यावर बरा जातो.

वेळ पाळणारे फक्त फ्लेमिंगोच नाहीत. तुझा अमेरिकेतला मामा एप्रिल आला की टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या गोष्टी सांगतो, आठवतं? तिथे वसंतात नर टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. शिकारी झाडाआड बसून मादीचा आवाज काढतो. पण हंगामाच्या सुरुवातीला नराभोवती खऱ्याच माद्या असतात. तो कशाला ढुंकून बघतोय या नकली हाकेकडे! माद्या अंड्यांवर बसल्या की मात्र तो एकटा पडतो आणि हाक आली की धावत येतो. शिकारी तोच, आवाज तोच, फक्त आठवडे वेगळे. आपल्याकडचे फासेपारधीही माणसाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातले तितर फाशात धरत. त्यांनाही ऋतू कळायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं इथल्या शिकारीवर बंधनं आली, पण पाखरांचं वेळापत्रक काही थांबलं नाही.

आणि ते वेळापत्रक त्यांना सांगतं कोण? मोठा होत जाणारा दिवस. यातली खरी गंमत अशी की, उजेड त्यांना फक्त डोळ्यांनीच कळतो असं नाही. पातळ कवटीतून झिरपणारा प्रकाश त्यांचा मेंदू थेट ओळखतो! उजेडाचे तास वाढले की अंगातले रस बदलतात, नरांना कंठ फुटतो, पिसारे फुलतात. तिकडे उत्तर अमेरिकेत दिवस पाच-सहा तासांनी लांबतो, आपल्या मुंबईत डिसेंबर ते जून जेमतेम सव्वादोन तासांनी. म्हणून आपल्याकडे नुसत्या सूर्यावर भागत नाही, पावसाकडेही बघावं लागतं.

फ्लेमिंगो तेच करतात. कच्छच्या रणात पावसाचं पाणी साचलं की तिथे ते चिखलाचे उंचवटे रचतात आणि प्रत्येकावर एकच अंडं घालतात. पाणी नीट साचलं नाही तर त्या वर्षी वीण नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) 2022 साली ठाण्याच्या खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंच्या अंगावर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बसवली. एकाचं नाव ठेवलं हुमायूं, पक्षिशास्त्रज्ञ हुमायूं अब्दुलालींच्या आठवणीत. दुसऱ्याचं तर नावच नवी मुंबई! सहापैकी काहींचे माग गुजरातकडे गेले.

त्याच वर्षी खाडीचं अभयारण्य पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेलं. पण तळी त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, आणि माझा राग तिथेच आहे. 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या एका तळ्यात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आणि तळं सुकलं. तिथी पाळून आलेल्या पाखरानं उतरायचं कुठे?

आता मे उजाडेल. रंग गडद झालेले फ्लेमिंगो माना ताठ करून, घोळक्यानं पावलं टाकत इकडून तिकडे जातील आणि एकदम वळतील. ती लग्नाची तयारी. मग पावसाआधी, बहुतेक रात्रीच्या अंधारात, एकेक थवा निघून जाईल. त्यानंतरही जुलैत चिखलात काही करडे, फिकट पक्षी दिसले तर ते वाट चुकले असं समजू नकोस. ती पोरं आहेत. गुलाबी व्हायला त्यांना अजून दोन-तीन वर्षं लागतील, तोवर कच्छला जायची त्यांना घाई नाही.