कोरियन घड्याळ: तासाची गिनती वेगळी, मिनिटाची वेगळी

कोरियन मालिका आणि गाणी आता आंधळगावातल्या मोबाईलवरही पोहोचली आहेत. मुली ते शब्द बोलू लागल्या की घरचे म्हणतात, हे काय नवीन खूळ? आम्हा शिक्षकांना वाटते, मोबाईल हिसकावण्यापेक्षा या आवडीला तालीमची दिशा द्यावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक शाळेत शिकता येणाऱ्या परदेशी भाषांत कोरियनचे नाव आहे. पुण्याजवळ रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई या कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. पण नुसत्या दुआ-सलामावर भाषा येत नाही. ‘किती वाजता या’ हेच कळले नाही, तर हातचे काम जाते.

कोरियनमध्ये एकाच वेळी दोन गिनत्या लागतात. तासासाठी त्यांची स्वतःची, मिनिटासाठी चीनकडून आलेली.

तास म्हणजे ‘शी’. एक ते बारा असे म्हणा: हान, तू, से, ने, तासोत, योसोत, इल्गोप, योडोल, आहोप, योल, योल-हान, योल-तू. तीन वाजले म्हणजे ‘से शी’.

मिनिट म्हणजे ‘बुन’. एक ते दहा असे: इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, कू, शिप. पुढे सोपे आहे. वीस म्हणजे ‘ई-शिप’, म्हणजे दोन दहा. पंचावन्न म्हणजे ‘ओ-शिप-ओ’. आपल्याला ‘पंचावन्न’ आणि ‘पचपन’ दोन्ही पाठ करावे लागतात, तिथे दहा शब्दांत काम होते. हे उच्चार जवळपासचे आहेत, ते कानाने ऐकून पक्के करावेत.

साडेतीन म्हणजे ‘से शी साम-शिप बुन’ किंवा ‘से शी बान’. बान म्हणजे अर्धा. पावणेपाच म्हणायचे तर ‘तासोत शी शिप-ओ बुन चोन’, म्हणजे पाचला पंधरा मिनिटे आधी. सकाळसाठी वेळेच्या आधी ‘ओजोन’ आणि दुपारनंतर ‘ओहू’ लावतात.

आपल्या मुलांना दोन गिनत्यांची भीती नसावी. घरी ‘पौने पाँच’ आणि शाळेत ‘पावणेपाच’ म्हणतच ती वाढतात. पण आता कित्येकांना पावणे, सव्वा, अडीच सांगितले की चटकन समजत नाही, कारण मोबाईल नुसते आकडे दाखवतो. कोरियन शिकताना घरचे हे शब्दही जपले पाहिजेत.

सरावासाठी पैसे लागत नाहीत. मशिदीतल्या जमातीच्या पाच वेळा रोज आधी उर्दूत, मग मराठीत, मग कोरियनमध्ये म्हणाव्यात. जोहर दीड वाजता असेल तर ‘ओहू हान शी बान’.

एक हिशोब लक्षात ठेवा: सोलचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथल्या सकाळी नऊचा ऑनलाइन वर्ग आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो. म्हणून वेळ कळवणाऱ्याला आधी विचारा, ही वेळ तिथली की इथली?