गोधडी बिघडते ती शिवणीत!
चौकोनांचे माप बरोबर असूनही जोडकाम वाकडे का होते?

भंडारा : वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या या जिल्ह्यात गोधडी किंवा वाकळ ही विकत आणण्याची वस्तू नव्हती. शेतीची कामे उरकली की जुनी लुगडी आणि धोतरे बाहेर निघत, शेजारणी जमत आणि ओसरीवर थरावर थर अंथरले जात. आता हीच गोधडी शहरी घरांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली आहे. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईतील महालक्ष्मी सरस यांसारख्या प्रदर्शनांत बचत गटांच्या मालाला शहरी ग्राहक मिळतो. पण तो गोधडी पलंगावर पसरून पाहतो. कडा वाकड्या, चौकोनांचे कोपरे मागे-पुढे आणि मध्ये फुगवटा असेल, तर कापड कितीही सुंदर असले तरी ती बाजूला ठेवली जाते. हा दोष बहुतेक वेळा कापणीचा नसतो, शिवणीचा असतो.

ठिगळ आणि जोड यांतील फरक

पारंपरिक गोधडीत तुकडे खालच्या थरावर ठेवून, कडा आत दुमडून धावदोऱ्याने शिवले जातात. शेजारच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया शिवतात ती ‘कवंदी’ही याच पद्धतीची. तिची शिवण कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जाते. तुकडा थोडा लहान-मोठा झाला, तरी शेजारचा तुकडा त्यावर चढवून तो झाकता येतो. येथे माप सैल असले तरी चालते.

जोडकामाच्या गोधडीत मात्र आधी सगळे तुकडे एकमेकांना शिवून वरचा पदर तयार होतो आणि मगच त्याखाली थर घातले जातात. येथे चूक झाकायला जागा नसते. प्रत्येक शिवण पुढच्या शिवणीचे माप ठरवते.

अर्ध्या सुताचा हिशेब

जोडकामात शिवणीसाठी साधारणपणे पाव इंच, म्हणजे सुतार-गवंड्यांच्या भाषेत दोन सूत, कापड सोडतात. चार इंचांचा चौकोन हवा असेल, तर तो साडेचार इंचांचा कापावा लागतो. असे बारा चौकोन एका ओळीत जोडल्यास अकरा शिवणी येतात आणि ओळ साडेअठ्ठेचाळीस इंचांची भरते.

आता शिवताना पाव इंचाऐवजी केवळ अर्धे सूत अधिक आत गेले असे समजू. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी मिळून एक सूत कमी होते. अकरा शिवणींत अकरा सूत, म्हणजे जवळजवळ दीड इंच कापड गायब! सगळ्या ओळींत हीच चूक सारखी झाली, तर गोधडी फक्त लहान होईल. परंतु गटात एक ओळ एकीच्या मशिनवर आणि दुसरी दुसरीच्या मशिनवर शिवली जाते. मग दोन ओळी जुळवताना एक ताणावी लागते आणि तेथेच फुगवटा येतो.

मशिनची परीक्षा

मशिनच्या प्रेशर फूटची उजवी कडा सुईपासून पाव इंचावर असते असे अनेक जणी गृहीत धरतात. प्रत्येक मशिनवर ते खरे नसते. शिवाय शिवण दुमडली की घडीतच एक-दोन धाग्यांची रुंदी जाते. म्हणून शिवण पूर्ण पाव इंचाची न घेता धागाभर कमी घ्यावी लागते.

याची खात्री करण्याची सोपी रीत अशी : दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून त्या शेजारी-शेजारी जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मधली पट्टी मोजावी. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली, तर शिवण जास्त आत जात आहे. अधिक भरली, तर ती कडेला सरकत आहे. योग्य जागा सापडली की सुईच्या उजवीकडे मशिनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टी लावून ठेवावी. कापडाची कडा तिला टेकवत नेली की शिवण आपोआप सरळ येते. गटातील प्रत्येक मशिनची अशी परीक्षा आधी झाली, तर पुढचे उसवण्याचे श्रम वाचतात.

शिवताना नजर सुईवर नव्हे, कापडाच्या कडेवर ठेवावी. कापड मागून ओढू नये. शेवटच्या इंचात तुकडा हमखास तिरपा सरकतो, तेथे वेग कमी करावा. टाका लहान, इंचाला दहा-बारा असावा. हाताने शिवणाऱ्यांनी पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून शिवणीची रेघ पेन्सिलीने आखावी, दोन्ही तुकड्यांच्या कोपऱ्यांतून टाचणी आरपार काढावी आणि अधूनमधून एक उलट टाका घ्यावा.

इस्त्री आणि उरेब

इस्त्री घासत फिरवली की तुकडा ताणला जातो. ती उचलून ठेवायची असते. एका ओळीच्या शिवणी डावीकडे आणि पुढच्या ओळीच्या उजवीकडे वळवून दाबल्या, तर दोन ओळी जोडताना शिवणी एकमेकींत बसतात आणि कोपरे नेमके जुळतात.

त्रिकोणांत धोका अधिक. त्याची तिरपी बाजू उरेब असल्याने ती हाताळतानाच वाढते. चौकोन तिरपा कापून दोन त्रिकोण करायचे असतील, तर तयार मापापेक्षा सात सूत मोठा चौकोन घ्यावा. चार इंचांसाठी चार इंच सात सूत.

जुने लुगडे आणि कोसा

जुन्या सुती लुगड्याचा एक फायदा असा, की ते धुऊन धुऊन आटलेले असते. नवे सुती कापड मात्र आधी धुऊन घ्यावे. जुने कापड उजेडासमोर धरून विरलेला भाग काढून टाकावा, कारण तेथे शिवण टिकत नाही. काठाची वीण घट्ट असते. तो अंगाच्या कापडापासून वेगळा कापावा.

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते आणि विदर्भाच्या करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे. कोशाचे तुकडे गोधडीत शोभतात, पण त्याचा धागा जाडाबारीक असतो आणि कापलेली कडा लवकर सुटते. पाव इंच येथे अपुरे पडते. तीन सूत सोडावे किंवा मागे पातळ सुती कापड लावून दोन्ही एकत्र कापावेत. इस्त्री मंद ठेवावी.

शिवण फार अरुंद घेतली, तर ती पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच उसवते आणि थर टाचून झाल्यावर आतली जोड दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. गोधडीत बहुधा आईचे किंवा आजीचे लुगडे असते. ते बाजारात पुन्हा मिळत नाही. म्हणून कात्री चालवण्यापूर्वी टाकाऊ कापडाच्या तीन पट्ट्या शिवून पाहण्यास लागणारी दहा मिनिटे वाया गेली, असे कोणी समजू नये.