विद्यार्थ्यांचे मानसशास्त्र मंडळ : त्याचे काम आणि त्याच्या मर्यादा

मुलगा अगर मुलगी विद्यापीठात शिकावयास गेली की आपण फी, वसतिगृह, पुस्तके आणि खानावळ यांची काळजी वाहतो. मनाची विचारपूस मात्र 'अभ्यास कसा चालला आहे?' एवढ्या एका प्रश्नात आटोपते. घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणास गेलेला विद्यार्थी तर आपली अडचण सहसा घरी कळवीत नाही. आईवडील हवालदिल होतील, शिक्षण सोडून परत ये म्हणतील, ही धास्ती त्याला असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. म्हणून विद्यापीठांत विद्यार्थीच चालवितात त्या मानसशास्त्र मंडळांची माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

या कामाला जुनी परंपरा आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७० साली 'नाईटलाईन' ही सेवा सुरू झाली. रात्री सर्व कार्यालये बंद असतात, तेव्हा प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी आपल्या सहाध्यायांचे म्हणणे फोनवर ऐकून घेतात. अमेरिकेत अ‍ॅलिसन माल्मन ही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत असताना, २००० साली, तिच्या भावाने आत्महत्या केली. तोही विद्यार्थीच होता आणि आपला आजार त्याने सोबत्यांपासून लपविला होता. पुढे अ‍ॅलिसनने आपल्याच विद्यापीठात विद्यार्थ्यांचा एक गट स्थापन केला. त्यातूनच 'अ‍ॅक्टिव्ह माइंड्स' ही संघटना वाढली. कॅलिफोर्नियातील १२ महाविद्यालयांच्या १,१२९ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. या संघटनेशी ज्यांचा परिचय वाढला, त्यांच्यात मानसिक आजाराविषयीचे ज्ञान वाढल्याचे व तुच्छतेची भावना कमी झाल्याचे त्यात आढळले.

असे मंडळ नेमके काय करते? पहिले काम ऐकण्याचे. उपदेश न करता, 'एवढ्याशा गोष्टीने काय खचतोस' असे न म्हणता ऐकणे, हे शिकावे लागते. दुसरे काम माहिती देण्याचे. झोप उडणे, जेवण सुटणे, वर्गात येणे बंद होणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, ही लक्षणे सोबत्यांना ओळखता आली पाहिजेत. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. तिसरे काम समुपदेशकापर्यंत अथवा डॉक्टरपर्यंत सोबत जाण्याचे. एकट्याने ज्या दारात पाऊल टाकवत नाही, तेथे मित्राबरोबर जाता येते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट हव्यात. मंडळाने रोगाचे निदान करू नये, औषध सुचवू नये. ऐकलेली गोष्ट बाहेर फोडू नये. मात्र जिवाला धोका असेल तर जबाबदार व्यक्तीला कळविलेच पाहिजे, आणि हा नियम बोलणाऱ्यास आधीच सांगावा. ऐकणारा विद्यार्थीही थकतो. म्हणून त्याच्या पाठीशी एखादा प्रशिक्षित समुपदेशक असणे अत्यावश्यक आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. प्रत्येक दुःखाचे मूळ मनातच नसते. राखीव जागेवरून टोमणे, आडनाव विचारून केलेली वागणूक, शिष्यवृत्ती रखडल्याने थकलेली फी, यांवर नुसते 'मन शांत ठेव' हे औषध नव्हे. रोहित वेमुला व डॉ. पायल तडवी यांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखणारी यंत्रणा उभी राहावी म्हणूनच. अशा विद्यार्थ्याला मंडळाने धीर तर द्यावाच, पण तक्रार लिहिण्यास आणि ती योग्य समितीकडे देण्यासही साथ द्यावी.

कायद्याचा आधार आता आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र विनामूल्य मिळते व मराठीतही बोलता येते.

पालकांनी प्रवेश घेतानाच विचारावे : येथे समुपदेशक कोण आहेत? विद्यार्थ्यांचे असे मंडळ आहे काय? नसेल तर आपल्या महाविद्यालयीन तरुणांनी पुढाकार घ्यावा. एक खोली, आठवड्यातील एक ठरलेली वेळ आणि एक जाणते शिक्षक एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. आणि घरी फोन येईल तेव्हा गुणांच्या आधी, 'तू कसा आहेस? झोप लागते ना?' हे विचारावे. मार्क कमी पडले तरी घराचे दार उघडे आहे, हे मुलांना आपल्या तोंडून ऐकू येऊ द्या.