टीव्ही घरचा, डिस्क हातची

एक्सबॉक्स वन फिरवून त्याची पाठ पाहिली, तर एकसारखी दिसणारी दोन एचडीएमआय भोकं दिसतात. एकातून वायर टीव्हीकडे जाते. दुसरं उलट कामाचं. सेट-टॉप बॉक्सची वायर त्यात खोचायची, म्हणजे संध्याकाळच्या मालिका, बातम्या, क्रिकेटचा सामना हे सगळं आधी कन्सोलमध्ये शिरणार आणि तिथून पडद्यावर येणार. मायक्रोसॉफ्टने हे यंत्र २१ मे २०१३ रोजी जगाला दाखवलं, तेव्हा कार्यक्रमाचा मोठा भाग याच दुसऱ्या भोकावर खर्ची पडला. बोलून चॅनल बदलणं, सामना चालू असताना बाजूला दुसरी खिडकी उघडणं, स्टीव्हन स्पीलबर्गच्या सहभागाने ‘हेलो’ या खेळावर निघणारी मालिका. खेळाचं यंत्र विकत घ्यायला बसलेल्या माणसाला टीव्हीच जास्त दाखवला गेला.

जळगाव-धुळ्याच्या बाजूने या यंत्राकडे पाहिलं, की त्याचे गुण आणि चुका अमेरिकेपेक्षा जास्त स्पष्ट दिसतात. ज्या गृहीतकांवर ते बांधलं होतं, त्यातलं जवळपास एकही खान्देशात त्या वेळी लागू नव्हतं.

पहिलं गृहीतक टीव्हीचं. केबलचं डिजिटायझेशन देशात टप्प्याटप्प्याने झालं. पहिल्या टप्प्यात महानगरं होती. ३१ मार्च २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात पुणे, नाशिक, औरंगाबाद, नागपूर, सोलापूर अशी शहरं होती. जळगाव आणि धुळे त्यात नव्हते. बाकीच्या शहरी भागाची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ची होती, तीही कोर्टकचेरीत लांबली, आणि गावखेड्यांची मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. म्हणजे एक्सबॉक्स वन बाजारात आला तेव्हा इथल्या असंख्य घरांत केबलवाल्याची काळी वायर थेट टीव्हीच्या पाठीत जात होती, मध्ये कसलाही बॉक्स नाही. ज्यांच्या गच्चीवर डिशची छत्री होती, त्यांच्यापैकी बहुतेकांचे बॉक्स साधे, पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचे. एचडी बॉक्स घेणारे थोडे. त्या दुसऱ्या भोकात खोचायला वायरच नव्हती.

वायर असती तरी एक अडचण उरतेच. कन्सोल चालू असल्याशिवाय सेट-टॉप बॉक्सचं चित्र पुढे टीव्हीवर जात नसे. आईला मालिका पाहायची, तर आधी मुलाचं यंत्र सुरू करायचं. टीव्ही ही ज्या घरात सगळ्यांची सामाईक वस्तू आहे, जिथे आठला मालिका, साडेनऊला बातम्या आणि रविवारी सामना असं वेळापत्रक न बोलता पाळलं जातं, तिथे गेम हा पाहुणा असतो. मधल्या वेळात येतो, मालिका सुरू झाली की वायर काढून घेतो. त्या पाहुण्याला घराची किल्ली देण्याची ही योजना होती. खान्देशातल्या कुठल्याही आईने पाच मिनिटांत तिच्यातली गफलत दाखवून दिली असती.

हा पाहुणा आपल्याकडे जुना. नव्वदच्या दशकात मीडिया, लिटिल मास्टर अशा नावांनी जे ‘टीव्ही गेम’ आले, ते जपानच्या निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपांचं काम एकाच स्वस्त चिपवर आणून त्या बनवलेल्या. वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात लावायची आणि एक रिकामा चॅनल फिरवत फिरवत मारिओ सापडेपर्यंत ट्यूनिंग करायचं. पिवळी कॅसेट नीट बसली नाही की पडद्यावर नुसते चौकोन. मग ती काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीतल्या ओलाव्याने पिनांना गंज चढतो. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. पण फुंकर न मारता कॅसेट लावणारा मुलगा शोधून सापडला नसता.

सोबतच्या पिस्तुलाची करामत आजही थक्क करते. बदकं टिपायच्या खेळात चाप ओढला की क्षणभर पडदा पूर्ण काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. पिस्तुलाच्या नळीत प्रकाश टिपणारा डोळा असतो. त्याला काळ्यानंतर बरोबर त्या घडीला पांढरं दिसलं, तर बदक पडलं. गोळी पिस्तुलातून सुटत नाही, उजेड टीव्हीतून पिस्तुलात येतो. हे जुन्या काचेच्या जाड टीव्हीवरच जमतं, सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि नेम हुकतो. टीव्हीचा खेळासाठी खरा उपयोग करून घेणं म्हणजे काय, ते या पिस्तुलात आहे. चॅनल बदलून देणाऱ्या कन्सोलपेक्षा मला ही जास्त मोठी कल्पना वाटते.

भारनियमनाच्या वर्षांत या यंत्रांचा आणखी एक कस लागायचा. ‘कॉन्ट्रा’त खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. सहाव्या टप्प्यावर लाइट गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. तरी लोक खेळले, कारण कॅसेट स्वतःची होती. आपली ‘कॉन्ट्रा’ शेजारच्याला द्यायची, त्याची दुसरी कुठली तरी आणायची. त्याच्याही आधी याच गावांत व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही रात्रभरासाठी भाड्याने मिळत आणि एका रात्रीत तीन पिक्चर आख्खी गल्ली पाहत असे. एक वस्तू, अनेक हात. छोट्या शहरात महागडं मनोरंजन पोहोचलं ते याच वाटेने.

मायक्रोसॉफ्टने नेमकी हीच वाट अडवली. ६ जून २०१३ रोजी कंपनीने नियम जाहीर केले. कन्सोलने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, नाहीतर खेळ बंद. डिस्क विकत घेतली तरी खेळ तुमच्या खात्याला चिकटणार. तो विकता येईल की नाही, ते खेळ काढणारी कंपनी ठरवणार. कुणाला द्यायचाच असेल, तर तो मित्र किमान तीस दिवस तुमच्या यादीत असला पाहिजे, आणि एक खेळ आयुष्यात एकदाच देता येणार. उसना देणं आणि भाड्याने देणं सुरुवातीला नाहीच.

चार दिवसांनी लॉस एंजेलिसच्या खेळांच्या प्रदर्शनात सोनीने आपल्या पीएस४ या कन्सोलची किंमत ३९९ डॉलर सांगितली, एक्सबॉक्स वनपेक्षा शंभराने कमी. शिवाय वीस-बावीस सेकंदांची एक फिल्म काढली. सोनीचे शुहेई योशिदा एका सहकाऱ्याला खेळाची डबी हातात देतात, तो आभार मानतो, फिल्म संपते. खेळ दुसऱ्याला कसा द्यायचा, याचं संपूर्ण प्रशिक्षण तेवढंच. धुळ्याच्या आग्रा रोडवर उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला ती फिल्म भाषा न समजता कळली असती.

१९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. चोवीस तासांची हजेरी रद्द, डिस्क पूर्वीसारखी विका, द्या, उसनी घ्या. एक्सबॉक्सचे प्रमुख डॉन मॅट्रिक जुलैच्या सुरुवातीला कंपनी सोडून गेले. त्यांच्या मागून मार्च २०१४ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या फिल स्पेन्सर यांनी सक्तीचा किनेक्ट कॅमेरा वेगळा काढून किंमत खाली आणली. त्याच वर्षी मालिका बनवायला उघडलेला स्टुडिओ बंद करायचं ठरलं.

या माघारीत एक चांगली गोष्टही बुडाली, आणि तिच्याबद्दल मला आजही हळहळ वाटते. मूळ योजनेत कुटुंबातल्या दहा जणांना एकाच्या खात्यातले खेळ आपापल्या कन्सोलवर खेळता येणार होते. जळगावचा काका, पुण्यात शिकणारा पुतण्या, नाशिकची आतेबहीण, सगळ्यांना एकच संग्रह. एकत्र कुटुंबाच्या सवयीला इतकी जवळची सोय कुठल्याच कंपनीने आणली नव्हती. पण ती हजेरीच्या नियमावर उभी होती, हजेरी गेली तशी तीही गेली. आधी ही दहा जणांची सोय समजावून सांगितली असती आणि डिस्कवाल्यांना त्यांच्या वाटेने जाऊ दिलं असतं, तर कदाचित लोकांनी डिजिटल खेळ आपण होऊन स्वीकारला असता. ग्राहकाच्या हातातलं आधी काढून घ्यायचं आणि बदल्यात काय मिळणार ते मागाहून सांगायचं, हा क्रमच उलटा होता.

भारतात पीएस४ ६ जानेवारी २०१४ ला आला, ३९,९९० रुपयांना. एक्सबॉक्स वन आला २३ सप्टेंबर २०१४ ला, तितक्याच किमतीला, किनेक्टसह ४५,९९०. आणि विक्री फक्त अ‍ॅमेझॉनवर. हे मला टीव्हीच्या हट्टाइतकंच चुकीचं वाटतं. चाळीस हजारांची वस्तू जळगावचा माणूस गोलाणी मार्केटमध्ये दोन-चार दुकानं फिरून, हातात धरून, चालू करायला लावून घेतो. ‘भाऊ, आधी लावून दाखव’ हे वाक्य तिथे रोजचं. बिघडलं तर कुणाच्या काउंटरवर जाऊन उभं राहायचं, हे त्याला आधी ठाऊक हवं असतं. जुन्या डिस्कचंही तसंच. दुकानदार ती दिव्याखाली तिरपी धरतो, रेघा मध्याकडून काठाकडे गेल्यात की गोल फिरल्यात ते पाहतो. गोल फिरलेली रेघ वाईट, कारण ती वाचनाच्या रेषेच्या बाजूने लांबवर जाते आणि मधली माहिती सलग बुडते. त्यावर भाव ठरतो. या व्यवहारातला कुठलाच भाग संकेतस्थळावर होत नाही.

मग डिजिटल खेळ. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘हेलो’ मालिकेतले चार खेळ एका संचात निघाले. डिस्क घेतली तरी पहिल्याच दिवशी आणखी २० जीबी उतरवून घ्यायचं होतं. बीएसएनएलने ब्रॉडबँडचा किमान वेग २ एमबीपीएस केला तो १ ऑक्टोबर २०१५ पासून. त्याआधी ठरलेला डेटा संपला की वेग ५१२ केबीपीएसवर किंवा त्याहूनही खाली येणं नेहमीचं. त्या वेगाने २० जीबी म्हणजे १६० अब्ज बिट उतरायला ८७ तास लागतात, तेही लाइट एकदाही न जाता. साडेतीन दिवस यंत्र नुसतं चालू ठेवायचं. आपल्या घरी नेऊन ठेवलेली डिस्कसुद्धा नेटवाचून अपुरी, हे २०१३ ची माघार विसरून हळूहळू खरं होत गेलं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि ८७ तासांचं गणित मोडलं. पण ते कन्सोलच्या बाजूने मोडलं नाही. स्वस्त डेटा फोनमध्ये आला आणि पबजीही फोनमध्ये आला. तिथे डिस्क नाही, उसनं नाही, विकणं नाही, आणि तक्रारही नाही, कारण खेळ फुकट होता. टीव्हीशी भांडणही उरलं नाही. मालिका टीव्हीवर, खेळ हातात. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि पुढे त्या खात्यांत भरलेले पैसे आणि मिळवलेले पोशाख सगळ्यांचेच अडकले. नंतर तो दुसऱ्या नावाने परतला.

एक्सबॉक्स वनचं उत्पादन २०२० च्या अखेरीपर्यंत थांबलं. पीएस४ त्याच्या दुपटीहून अधिक खपला, असं मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये ब्राझीलच्या नियामकांपुढे लिहून दिलं. पुढच्या एक्सबॉक्समध्ये ते दुसरं एचडीएमआय भोक नाही. टीव्ही काबीज करायची कल्पना मात्र दुसऱ्या दाराने आली: जून २०२२ पासून काही सॅमसंग टीव्हींवर परदेशात एक्सबॉक्सचं अ‍ॅपच बसू लागलं, कन्सोलशिवाय.

आता इथल्या ग्राहकापुढे प्रश्न पैशाचा आहे, आणि तो नीट हिशोबाने सुटतो. सडपातळ पीएस५ भारतात ५ एप्रिल २०२४ ला आला, डिस्कसह ५४,९९०, डिस्कशिवाय ४४,९९०. फरक तेव्हा दहा हजारांचा होता. मोठा नवा खेळ तेव्हा पाच हजारांच्या आसपास मिळे. समजा, खेळून झालेली डिस्क विकून दोन हजार परत आले, तर त्या भावाने पाच खेळांत फरक वसूल. वर्षाला दोनच खेळ घेणाऱ्याला तिसरं वर्ष उजाडेल. भुसावळ किंवा चोपड्याला राहणारा, ज्याला जुनी डिस्क विकायला जळगाव गाठावं लागतं, त्याने एसटीचं भाडंही धरावं. मी तरी डिस्कवालाच घ्यायला सांगेन. घरात दोन भावंडं किंवा गल्लीत एक मित्र कन्सोलवाला असेल, तर दुसरा विचारच नको.

या सडपातळ यंत्राचा डिस्क वाचणारा भाग सुटा निघतो आणि नंतर वेगळा आणूनही बसवता येतो. बसवल्यावर कन्सोलशी त्याची ओळख पटवून द्यावी लागते. त्या एका वेळेपुरतं इंटरनेट लागतंच.