पोस्टकार्डाची रोल्स-रॉइस

दोस्तांनो, रोल्स-रॉइस म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? राजेमहाराजांची चकचकीत मोटार, मऊमऊ गाद्या, टोपीवाला शोफर! पण हीच मोटार एकदा अंगावर पोलादी चिलखत चढवून लढाईला गेली होती, ठाऊक आहे? आज आपण तिचीच छोटी प्रतिकृती करणार आहोत. लागणार काय, तर जुनी पोस्टकार्डं, फेविकॉल, संपलेली रिफिल, कोटाची बटणं आणि भरपूर धीर.

पण कात्री हातात घेण्याआधी गाडीची ओळख तर करून घेऊ.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिश नौदलाच्या विमानदळाची एक तुकडी फ्रान्समधल्या डंकर्क बंदरात होती. तिचा प्रमुख चार्ल्स सॅमसन. त्याच्याकडे विमानं थोडी आणि टेहळणी करायचा मुलूख मोठा. मग त्याची माणसं मोटारी घेऊन टेहळणीला निघत. गोळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी डंकर्कच्याच जहाजबांधणी कारखान्यात मोटारींना बॉयलरचे पत्रे ठोकून घेतले. पण वरून डोकी उघडीच!

युक्ती कामाची होती, म्हणून नौदलाने नीट आराखडा करायला घेतला. रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट' मोटारीचा सांगाडा दणकट, इंजिन भरवशाचं. त्यावर जास्तीत जास्त १२ मिलिमीटर जाडीचं चिलखत चढवलं, वर गोल फिरता बुरूज बसवला आणि बुरुजात एक व्हिकर्स मशीनगन. आत माणसं तीन. पहिल्या तीन गाड्या डिसेंबर १९१४ मध्ये तयार झाल्या. पण तोवर फ्रान्समध्ये दोन्ही सैन्यं खंदक खणून समोरासमोर बसली होती. खंदक आणि काटेरी तारांतून मोटार धावणार कशी? म्हणून यातल्या बऱ्याच गाड्या वाळवंटाकडे गेल्या आणि तिथे त्यांनी नाव काढलं.

पस्तिसावा हिस्सा

आता गणित. घाबरू नका, भागाकार येत असला की झालं! जगभरचे हौशी लोक अशा गाड्या बहुतेक वेळा १:३५ या प्रमाणात करतात, म्हणजे खऱ्या मापाला ३५ ने भागायचं. आपली गाडी सुमारे ४९३ सेंटिमीटर लांब, १९३ रुंद आणि २५४ उंच. भागून पाहा. लांबी १४.१ सेंटिमीटर, रुंदी ५.५, उंची ७.३. तुमची उंची १४० सेंटिमीटर असेल, तर या गाडीशेजारी तुम्ही बरोबर ४ सेंटिमीटरचे!

आणखी एक गंमत. १२ मिलिमीटरच्या पोलादाला ३५ ने भागलं तर एक तृतीयांश मिलिमीटर येतं. म्हणजे जवळजवळ जाड पोस्टकार्डाइतकं! म्हणून तर पोस्टकार्ड हा आपला पत्रा.

बाकीची मापं कुठून आणायची? गाडीचा अगदी बाजूने काढलेला फोटो पुस्तकात शोधा आणि त्यात तिची लांबी मोजा. समजा ती ७ सेंटिमीटर भरली. मग फोटोतलं प्रत्येक माप दुप्पट करा, की झालं तुमचं माप.

चला, कापाकापी!

सुरुवातीच्या चिलखती गाड्या शिकाऊ कारागिरांना फार सोयीच्या. आताच्या मोटारीसारखे गोलाईदार पत्रे नाहीत. सपाट पत्रे, सरळ कडा आणि रिव्हेट. पोस्टकार्डावर भाग आखा, स्टीलची पट्टी धरून कापा. ब्लेड किंवा कटर वापरणार असाल तर घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच.

रिव्हेट कसे करायचे? पत्र्याच्या मागच्या बाजूने, संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने हलकेच दाबा. पुढच्या बाजूला टपोरा ठिपका उठतो. आधी पट्टीने समान अंतरावर खुणा करा, नाहीतर रिव्हेटची रांग दारू प्यायल्यासारखी झुलते!

बुरुजासाठी कार्डाची पट्टी पेन्सिलीवरून दोनतीनदा ओढून घ्या. म्हणजे ती न मोडता वळते. मशीनगनसाठी रिफिलचा तुकडा. मशीनगनची नळी एवढी जाड का, असं कुणी विचारील. तर त्या जाड आवरणात सुमारे चार लिटर पाणी असे. सतत गोळ्या झाडून नळी तापते, ती थंड ठेवायला हे पाणी.

गाडीच्या तोंडाशी पोलादी झडपा दिसतील. त्यांच्यामागे रेडिएटर आहे. झडपा उघड्या ठेवल्या तर इंजिनाला वारा लागतो, पण एक गोळी आत शिरली की पाणी गळून गाडी बंद. झडपा मिटल्या तर गोळीची भीती नाही, पण इंजिन तापतं. आता तुमच्या गाडीच्या झडपा उघड्या की मिटलेल्या? हे ठरवायचं तर गाडी रस्त्याने जाते आहे की गोळीबारात सापडली आहे, ते आधी ठरवायला हवं. पाहिलंत? दोन इवल्याशा कार्डाच्या तुकड्यांनी केवढा प्रश्न विचारला!

चाकांचंही तसंच. १९१४च्या गाडीला सायकलसारखी तारांची चाकं. पारदर्शक प्लास्टिकची चकती कापून तिच्यावर टोकदार सुईने आऱ्या ओरखडायच्या आणि त्या रेघांत रंग भरायचा. हे किचकट वाटत असेल तर १९२० पद्धतीची गाडी करा. तिची चाकं भरीव तबकड्यांची, तिथे कोटाची मोठी बटणं चालून जातात. मागे जोडचाकं असतात, म्हणून चाकं एकूण सहा, हे विसरू नका.

रंग कोणता?

आधी सगळ्या गाडीवर पातळ केलेल्या फेविकॉलचा हात द्या. तो वाळला की पाण्याच्या रंगाने कार्ड फुगत नाही. मग रंगाचे दोन पातळ हात. जाड थर दिलात तर रिव्हेट बुडालेच म्हणून समजा. रंग डबीतल्यापेक्षा थोडा फिका करा. १:३५ची गाडी एक मीटरवरून पाहणं म्हणजे खरी गाडी ३५ मीटरवरून पाहणं, आणि दूरची वस्तू फिकी दिसते. शेवटी पाण्यासारखा पातळ काळपट तपकिरी रंग सांध्यांत सोडा. चाकांवर आणि मडगार्डवर मातकट धूळ. गंज मात्र बेताने. जिच्यावर जीव अवलंबून आहे ती गाडी माणसं पुसूनपासून ठेवतात.

पण मूळ रंग कोणता? इथे खरी कसोटी. फोटो काळे-पांढरे. त्यातून त्या काळच्या बऱ्याचशा फोटोंच्या काचांवर लाल रंग उमटतच नसे आणि निळा जरुरीपेक्षा जास्त उमटे. त्यामुळे फोटोत लाल वस्तू काळपट आणि निळी पांढुरकी दिसते. तेव्हा फोटोत गडद दिसली म्हणून गाडी गडदच होती, असं छातीठोक सांगता येत नाही.

मग करायचं काय? एक गाडी, एक जागा, एक तारीख निवडा. उदाहरणार्थ १७ मार्च १९१६. बुडालेल्या 'टारा' जहाजाचे खलाशी लिबियाच्या वाळवंटात बीर हकीम इथे कैदेत होते, उपासमारीने खंगलेले. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या चिलखती गाड्या, मागे रुग्णवाहिका आणि इतर मोटारी असा ताफा जवळजवळ दोनशे किलोमीटर वाळवंट तुडवून गेला आणि कैद्यांना घेऊन परत आला. कैदी सुटले, आणि त्यांचे पहारेकरी त्याच मशीनगनच्या गोळ्यांनी मारले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या. आपली प्रतिकृती सुरेख दिसली, तरी खरी गाडी खेळणं नव्हती.

म्हणून प्रतिकृतीखाली एक पाटी लावा आणि तिचे दोन रकाने पाडा. एका रकान्यात 'नक्की माहीत', दुसऱ्यात 'माझा अंदाज'. बुरूज, चाकं, तारीख पहिल्या रकान्यात. वाळूच्या रंगाची छटा दुसऱ्यात. उद्या नवा पुरावा मिळाला तर पाटी बदला, रंगही बदला.

आणि हो, अहिल्यानगरला म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला गेलात तर १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय जरूर पाहा. तिथे खरीखुरी रोल्स-रॉइस चिलखती गाडी उभी आहे. माहितीचा फलक वाचण्याआधी चाकं आणि बुरूज नीट न्याहाळा, ती कोणत्या पद्धतीची ते स्वतः ओळखा आणि मगच फलक वाचा. बघू या, कुणाचं उत्तर बरोबर येतं!