षट्कोनी पट आणि राक्षसभुवनची लढाई

बुद्धिबळाचा पट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. वाघबकरीचा पट देवळाच्या ओट्यावर खडूनें काढलेला किंवा दगडांत कोरलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. या खेळांत सैन्य आहे, चाल आहे, मारणें आहे. परंतु नदी नाहीं, डोंगर नाहीं, चिखल नाहीं. खऱ्या युद्धांत मात्र सेनापतीचा निम्मा विचार शत्रूचा व निम्मा जमिनीचा असतो. ही जमीन पटावर आणण्याचा जो प्रयत्न झाला, त्यांतून युद्धपटाचे खेळ निघाले. हल्लीं अनेक मुलें हे खेळ संगणकावर खेळतात. पालकांस पडद्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं घरें व त्यांतून सरकणारीं चित्रें दिसतात. त्यांमागील हिशेब दिसत नाहीं. तो हिशेब समजावून सांगावा आणि शेवटीं आपल्याच बीड जिल्ह्यांत झालेली एक प्रसिद्ध लढाई त्या पटावर मांडून पाहावी, असा आमचा हेतु आहे.

प्रथम घरांचा आकार पाहूं. सपाट जागा एकाच मापाच्या समभुज व समकोन आकृतींनीं, मध्यें फट न ठेवतां, भरावयाची असेल, तर तीनच आकृति उपयोगी पडतात: त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. पंचकोनानें फट राहते. चौरसाचा दोष असा कीं, त्याच्या चार बाजूंचे शेजारी एका अंतरावर आणि चार कोपऱ्यांचे शेजारी निराळ्या अंतरावर असतात. सरळ पाऊल १ मानलें, तर तिरकें पाऊल सुमारें १.४१ भरतें. तिरकी चाल मोकळी ठेवली तर तिरपा धांवणारा घोडा फुकटांत अधिक पल्ला गांठतो. ती बंद केली तर त्याच ठिकाणीं पोंचण्यास शेंकडा ४१ अधिक वाट चालावी लागते. षट्कोनास सहा शेजारी, आणि सहाहि अगदीं सारख्या अंतरावर. येथेंहि एखाद्या दिशेस नागमोडी जावें लागतेंच, परंतु तो फेर अधिकांत अधिक शेंकडा १५ इतकाच पडतो. मधमाशीनें हाच आकार निवडला आहे. सारख्या क्षेत्राचीं घरें पाडावयाचीं असतां षट्कोनांस सर्वांत कमी भिंत लागते, हें थॉमस हेल्स या गणितज्ञानें १९९९ सालीं पूर्णपणें सिद्ध केलें.

हा पट एकाएकीं निघाला नाहीं. जर्मनींत हेलविग नांवाच्या गृहस्थानें १७८० सालीं बुद्धिबळ वाढवून चौरसांचा मोठा युद्धपट केला. पुढें १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ या अधिकाऱ्यानें घरें काढूनच टाकलीं, आणि खऱ्या नकाशावर मापपट्टीनें अंतर मोजून व फांसे टाकून अधिकाऱ्यांस लढाईचें शिक्षण देण्याची पद्धति घातली. अमेरिकेंत चार्ल्स रॉबर्ट्स यानें १९५४ सालीं सामान्य लोकांसाठीं युद्धपट छापून विकला. तोहि चौरसांचाच होता. १९६१ पासून मात्र त्याच्या ॲव्हलॉन हिल कंपनीच्या पटांवर षट्कोन आले, आणि तेव्हांपासून ही रीत पडली. ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकावरील नामांकित खेळानें चार भागांपर्यंत चौरसच वापरले. २०१० सालच्या पांचव्या भागांत तोहि षट्कोनांवर आला.

असा पट घरीं करणें अवघड नाहीं. कंपासानें वर्तुळ काढावें आणि कंपास न हालवितां त्याच मापानें परिघावर खुणा करीत जावें. बरोबर सहा खुणा पडतात, कारण षट्कोनाची बाजू त्रिज्येइतकीच असते. पुठ्ठ्याचा असा एक षट्कोन कापून घेतला, कीं त्याभोंवतीं पेन्सिल फिरवून हवा तितका पट काढतां येतो. सोंगट्यांच्या जागीं चिंचोके व मक्याचे दाणे चालतात. एका घराभोंवतीं पहिल्या वेढ्यांत ६, दुसऱ्यांत १२, तिसऱ्यांत १८ घरें येतात; म्हणजे तीन पावलें चालणाऱ्या पथकास मोकळ्या मैदानावर, स्वतःचें घर धरून, ३७ घरांचा मुलूख आटोक्यांत असतो.

आतां चाल. प्रत्येक पथकास एका पाळीस ठराविक पावलें मिळतात. पायदळास ४, घोडदळास ८, असें समजा. परंतु सर्व घरांचें मोल सारखें नसतें. मैदानाच्या घरास १ पाऊल, डोंगराच्या किंवा दाट झाडीच्या घरास २ आणि नदी ओलांडावयाची असल्यास त्यावर आणखी कांहीं पावलें खर्चीं पडतात. नदी घराच्या मधून काढीत नाहींत. दोन घरांच्या मधल्या बाजूवरून काढतात, म्हणजे पथक नदीच्या कोणत्या तीरास आहे याविषयीं संशय राहत नाहीं. यावरून एक गोष्ट उघड होते: जवळची वाट आणि लवकरची वाट एकच असेल असें नाहीं. डोंगरांतून तीन घरें गेल्यास ६ पावलें लागतात. पायथ्यानें वळसा घालून पांच घरें गेल्यास ५ पावलांत काम होतें. नेकनूरसारख्या बालाघाटावरील गांवच्या मुलांस हें वेगळें सांगावयास नको. मांजरसुंब्याहून घाट उतरून बीडला जाणारा वाटसरू आणि गेवराईकडील सपाट गंगथडींतून चालणारा वाटसरू यांचा कोस सारखा नसतो.

चालीस दुसरा अडथळा शत्रूचा. पथक उभें असतें एकाच घरांत, पण त्याचा धाक भोंवतालच्या सहाहि घरांवर पसरतो. शत्रूनें अशा घरांत पाऊल टाकलें, कीं पावलें उरलीं असलीं तरी त्याची त्या पाळीची चाल तेथेंच संपते. या एका नियमानें थोड्या सैन्याला लांब आघाडी धरतां येते. दोन पथकांमध्यें दोन घरें मोकळीं सोडलीं, तरी त्यांपैकीं एक डावीकडील पथकाच्या आणि दुसरें उजवीकडील पथकाच्या धाकांत येतें. मधून न थांबतां निसटावयास वाट राहत नाहीं. म्हणजे तिसऱ्या तिसऱ्या घरीं एक पथक ठेवलें, तरी बांध पुरा होतो. अंतर आणखी एका घरानें वाढविलें मात्र, कीं बांधास भोंक पडलें.

लढाईचा निकाल बुद्धिबळाप्रमाणें नुसत्या स्पर्शानें लागत नाहीं. प्रत्येक पथकाचें बळ आंकड्यानें लिहिलेलें असतें. हल्ला करणाऱ्या शेजारच्या सर्व पथकांच्या बळाची बेरीज करून ती बचाव करणाऱ्याच्या बळाशीं ताडून पाहतात. ७ व ५ अशीं दोन पथकें ४ बळाच्या पथकावर गेलीं तर १२ ला ४, म्हणजे तिपटीचें प्रमाण झालें. बेरीज ११ भरली असती, तर अपूर्णांक सोडून दुपटीचेंच प्रमाण धरतात. एक चिंचोका कमी पडला आणि पायरी खालीं गेली. बचाव करणारा डोंगरावर किंवा नदीआड असेल, तर त्याचें बळ पुष्कळदां दुप्पट मानतात. मग तेच १२ आतां ८ शीं झुंजतात आणि प्रमाण बरोबरीवर येतें. प्रमाण ठरल्यावर फांसा टाकून कोष्टकांत निकाल पाहतात: हल्ला करणारा मागें हटला, बचाव करणारा मागें हटला, दोघांचीहि हानि झाली, किंवा एक पक्ष पार नाहींसा झाला. फांसा आहे म्हणून हा खेळ दैवाचा, असें मात्र कोणी समजूं नये. प्रमाण वाढविणें खेळाडूच्या हातीं असतें, आणि प्रमाण जितकें वाढतें तितकें फांशाचें राज्य कमी होतें.

पथकांची रांग कोणत्या अंगानें धरली आहे, यासहि महत्त्व आहे. षट्कोनांच्या सरळ ओळीनें रांग धरली, तर प्रत्येक पथकावर समोरून दोन घरांतून हल्ला होऊं शकतो. तीच रांग नागमोडी धरली, तर पुढें आलेल्या घरावर तीन बाजूंनीं आणि आंत राहिलेल्या घरावर एकाच बाजूनें हल्ला होतो. चतुर शत्रु अर्थातच पुढें आलेलें टोंक निवडतो.

सर्वांत मोठें संकट वेढ्याचें. मागें हटण्याचा निकाल आला आणि मागें जावयास धाकावांचून मोकळें घर नसलें, तर पथक नष्ट होतें. सहाहि घरें अडविण्यास सहा पथकें लागतील असें वाटतें. पण मैदानावर समोरासमोरच्या दोन घरांत दोनच पथकें उभीं केलीं, तरी काम भागतें. पूर्वेचें पथक आपल्या दोन्ही अंगांचीं घरें धाकांत ठेवतें, पश्चिमेचें आपल्या. सहांपैकीं एकहि घर मोकळें राहत नाहीं. अडचण एवढीच कीं, त्यांपैकीं एका पथकास शत्रूला वळसा घालून पलीकडे जावें लागतें, आणि जागरूक शत्रु तसें सहसा जाऊं देत नाहीं.

एवढी तयारी झाल्यावर राक्षसभुवनास जाऊं. गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या दक्षिण तीरावर हें गांव आहे. शनीचें स्थान म्हणून पुष्कळांस तें ठाऊक असेल. पानिपतच्या १७६१ मधील संहारानंतर मराठी राज्य खचलें होतें, आणि पेशवेपद माधवरावांसारख्या कोंवळ्या तरुणाकडे आलें होतें. १७६३ सालीं निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. त्याच वर्षीं पावसाळ्यांत निजाम औरंगाबादेकडे परत निघाला असतां, नागपूरचे जानोजी भोसले त्याचा पक्ष सोडून गेले. निजाम कांहीं सैन्यासह गोदावरी उतरून उत्तर तीरास गेला. दिवाण विठ्ठल सुंदर मागील सैन्यासह दक्षिण तीरावरच राहिला. नदीला पूर होता. १० ऑगस्ट १७६३ या दिवशीं माधवराव व रघुनाथराव यांनीं या मागें राहिलेल्या सैन्यास गांठलें. घनघोर लढाई झाली, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि त्याचें सैन्य मोडलें. निजाम पलीकडच्या तीरावर असूनहि त्यास मदत करूं शकला नाहीं. त्या वेळीं माधवरावांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. पुढच्याच महिन्यांत निजामास तह करावा लागला.

हा प्रसंग पटावर मांडा. घरांच्या दोन ओळींमधील सांध्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गोदावरी काढा. तिच्या लगत दक्षिणेस विठ्ठल सुंदराचें पथक ठेवा आणि नदीच्या उत्तरेस, अगदीं लागून, निजामाचें. दोघांमधील अंतर मोजलें तर एक घर! पण पुरामुळें मधली बाजू ओलांडण्याचें मोल कोणत्याहि पथकाच्या पावलांहून अधिक आहे. म्हणून तें एक घर दहा घरांहून दूर झालें. निजामाचें बळ कितीहि मोठें लिहा, लढाईच्या बेरजेंत तें शून्यच धरावें लागतें.

आतां वेढा पाहा. दक्षिण तीरावरील पथकाच्या सहा बाजूंपैकीं उत्तरेकडील दोन नदीनेंच बंद केल्या. पूर्व, पश्चिम, आग्नेय व नैर्ऋत्य अशा चार उरल्या. पेशव्यांचें एक पथक नैर्ऋत्येस उभें राहिलें कीं पश्चिमेचें घर त्याच्या धाकांत आलें. दुसरें आग्नेयेस उभें राहिलें कीं पूर्वेचें घर गेलें. वेढा पुरा झाला! मैदानावर ज्यासाठीं शत्रूच्या पाठीमागें जावें लागलें असतें, तें काम येथें दोन पथकांनीं समोर उभें राहूनच झालें. पाठीमागचें पथक गोदावरीनें पुरविलें. समोर असलेली नदी बचावाचें बळ दुप्पट करते, पाठीशीं असलेली तीच नदी सुटकेची वाट तोडते. निजामाच्या फौजेचें संख्याबळ कमी पडलें असें नव्हे; तें दोन तीरांवर वांटलें गेलें, आणि माधवरावांनीं नेमकी ती वेळ साधली.

उन्हाळ्यांत गोदेचें पात्र पाहणाऱ्या मुलास हें खरें वाटणार नाहीं. पैठणचें धरण १९७६ मध्यें पुरें झाल्यापासून खालच्या पात्राचें रूपहि बदललें आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं, हा डाव दोनदां खेळून पाहावा. एकदां नदीस पूर आहे असें धरून, आणि दुसऱ्यांदां ती दोन पावलांत ओलांडतां येते असें धरून. सोंगट्या त्याच, बळ तेंच, फांसाहि तोच. परंतु दुसऱ्या डावांत निजाम मदतीस येतो, वेढ्यास भोंक पडतें, आणि अठरा वर्षांच्या पेशव्यापुढें निराळाच प्रश्न उभा राहतो. इतिहासाच्या पुस्तकांत ‘नदीला पूर होता’ हीं तीन पदें आपण घाईनें वाचून जातों. त्यांचें वजन पटावर कळतें.

पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, या खेळांत वेळ जातो हें खरें. पण अंतर, प्रमाण आणि संभव यांचा अभ्यासहि त्यांत होतो. मुलगा पडद्यावर खेळत असेल, तर त्याला एकदां कागदावर पट काढावयास लावावें. यंत्र जो हिशेब लपवून करतें, तो मग त्याला स्वतः करावा लागेल. मुलांसहि एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. पटावरून उचललेला चिंचोका पुढच्या डावांत परत येतो. १७६३ च्या त्या श्रावणांत गोदेकांठीं पडलेलीं माणसें, दोन्हीं बाजूंचीं, परत आलीं नाहींत. इंग्रज ग्रंथकार एच्. जी. वेल्स यानें १९१३ सालीं खेळण्यांतील शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले, आणि त्याच पुस्तकांत खेळांतील युद्ध खऱ्या युद्धापेक्षां किती बरें, हेंहि बजावून सांगितलें. दुसऱ्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें. पट पुढें घेऊन बसणाऱ्यानें हें स्मरणांत ठेवावें, आणि मग खुशाल फांसा टाकावा.